तिसऱ्या मजल्यावरचे हवालदार

ही हकिकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. विसरलो होतो असं नाही. सोसायटीची स्मरणिका निघाली तेव्हा लेख मागायला माणसं घरी आली, आणि मी त्यांना दिल्लीतल्या गणेशोत्सवावर चार पानं लिहून दिली. त्याच स्मरणिकेत माझ्यावरही अर्धं पान आहे. एका जायबंदी सैनिकाला पुन्हा माणसांत आणून बसवण्याचं श्रेय माझं आहे, असं त्यात छापलंय. मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. मी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि घरी आलो.

त्या अर्ध्या पानातलं बहुतेक सगळं खोटं आहे. बायको असताना हे लिहिता आलं नाही, कारण वाचणाऱ्यानं दोष तिच्यावर टाकला असता. बायकोच्या गुडघ्यांसाठी केलं असेल बिचाऱ्यानं, असं म्हणाले असते लोक. मीही बरीच वर्षं मनाशी तेच म्हणत होतो. आता ती नाही, तेव्हा आधी हे लिहून ठेवतो: तिच्या गुडघ्यांचा यात काही संबंध नव्हता.

दिल्लीतल्या एका पुनर्वसन केंद्रात मी नोकरीला होतो. अपघातानं किंवा आजारानं ज्यांचं अंग लुळं पडलं, अशी माणसं तिथं येत. डॉक्टर आणि व्यायाम शिकवणारे त्यांच्या हातांत बळ आणत, खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत जायला शिकवत. आणि मग शेवटचे दोन महिने ती माणसं माझ्याकडे असत. माझं काम होतं त्यांना पुन्हा बाहेरची सवय लावायचं. घर कसं आहे, दारं किती रुंद आहेत, पोटापाण्याचं काय, शेजार कसा, हे बघायचं आणि मग घरी पाठवायचं.

दर गुरुवारी मी चारपाच जणांना घेऊन बाजारात जायचो. पोस्टाचं तिकीट घ्यायचं, भाजी घ्यायची, चहा प्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण महिनोन्महिने वॉर्डात काढलेल्या माणसाला बाजाराचा आवाजसुद्धा सोसत नाही. दुकानदार खुर्चीतल्या माणसाकडे बघतच नसत. ते माझ्याकडे बघून विचारत, "ये क्या लेंगे?" तेव्हा मी वर आभाळाकडे बघायचो. हा माझा नियमच होता. मी वर बघत राहिलो की दुकानदाराला नाइलाजानं नजर खाली करावी लागे, आणि खुर्चीतला माणूस घसा खाकरून म्हणे, "आधा किलो मटर." त्या अर्ध्या किलोचं मोल काय होतं ते मला ठाऊक होतं. त्या कामात मी चांगला होतो, हे मात्र खरं आहे.

दुसरा नियम मी त्यांना शिकवायचो तो मागण्याचा. जे जमतं ते मागू नका. जे जमत नाही ते स्पष्ट मागा, आणि एकदाच मागा. दोनदा मागणारा माणूस लोकांना ओझं वाटायला लागतो. हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल, त्याची गणतीच नाही.

हवालदार माझ्याकडे आले ते हिवाळ्याच्या तोंडाशी, आणि घराचं ठरेपर्यंत नेहमीच्या दोन महिन्यांहून बरेच जास्त राहिले. साताऱ्याकडचे होते, सैन्यात कारकुनी करायचे. लढाई वगैरे काही नाही. डोंगरात त्यांचा ट्रक उलटला आणि कमरेखालचं शरीर गेलं. माझी त्यांची जुनी ओळख होती. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समधल्या आम्ही काही मराठी लोकांनी मिळून एक गृहनिर्माण सोसायटी काढली होती, यमुनेपलीकडे मयूर विहारात तिला जमीन मिळाली होती, आणि हवालदार अपघाताच्या कितीतरी आधीपासून तिचे सभासद होते. वॉर्डात मला बघून म्हणाले, "साहेब, सोसायटीच्या मीटिंगला येत नाही म्हणून उचलून आणलंत की काय मला?"

त्यांची एक लकब होती. बोलता बोलता मध्येच थांबायचे, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवून अंग वर उचलायचे, तसेच काही क्षण अधांतरी राहायचे आणि सावकाश खाली बसायचे. बसून बसून कातडीला जखम होऊ नये म्हणून तसं करायला शिकवलेलं असतं. पण इतर जण ते औषध घेतल्यासारखं करत. हवालदार वर उचललेल्या अवस्थेतच आपलं वाक्य पुरं करत. जणू ते वाक्य सांगायला जरा उंचावर जावं लागत होतं.

त्यांचं पुढचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. त्या वर्षांत टेलिफोन खातं अपंग माणसांना एस.टी.डी. बूथ देत असे. पिवळ्या पाट्या गल्लोगल्ली लागायला लागल्या होत्या. नव्या वसाहतीत कुणाच्या घरी फोन आलेला नसणार, सगळ्यांना गावी बोलायचं असणार. तेव्हा सोसायटीच्या फाटकाशी बूथ, आणि बूथमध्ये हवालदार. मी अर्ज लिहिले, खेटे घातले. बूथ मंजूर झाला. ते श्रेय माझं, ते मी घेतो.

एका सकाळी केंद्राची गाडी घेऊन मी त्यांना जागा दाखवायला नेलं. जानेवारीचं धुकं होतं. यमुनेचा पूल ओलांडताना खाली पाणी दिसत नव्हतं, नुसता पांढरा कापूस पसरला होता. पलीकडे शेतं संपून इमारती सुरू होत होत्या, पण कुठं संपून कुठं सुरू, ते कळत नव्हतं. मोहरीची पिवळी फुलं, त्यांतून वर आलेले सिमेंटचे खांब, खांबांवर बसलेला मोर. आमच्या चारमजली इमारती अर्ध्या उभ्या होत्या आणि वरचे मजले धुक्यात विरघळले होते. पहिल्या मजल्याच्या वर जगच नव्हतं म्हणा ना. हवालदार त्या इमारतींकडे बघत होते. लिफ्ट नव्हती, त्या काळी अशा सोसायट्यांत नसायचीच. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली जाणार होती.

ते म्हणाले, "साहेब, समजा मला वरचं लागलं आणि तुम्हाला खालचं, तर?"

"तर बदलू," मी म्हणालो. "विचारायचं काय त्यात?"

त्यांनी हात पुढं केला. मी तो धरला. थंडीत त्यांचा हात गरम होता. खुर्ची ढकलून ढकलून तळवे राठ झाले होते. जवळ कुणी नव्हतं. त्यांनी एकदाच मागितलं, स्पष्ट मागितलं, मी शिकवलं होतं तसंच.

सोडत निघाली ती उन्हाळ्यात, एका शाळेच्या हॉलमध्ये. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या होत्या. माझं नाव निघालं, मग घराचा नंबर निघाला: तळमजला, मागं छोटंसं अंगण. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळानं हवालदारांचं नाव निघालं. तोच जिना, तिसरा मजला. माझ्या बरोबर डोक्यावर. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

अध्यक्ष चांगला माणूस होता. तो उठून म्हणाला, "देखो यार, हवालदारांचं काय करायचं? परस्पर संमतीनं अदलाबदल करता येते. महिनाभराची मुदत आहे, दोघांच्या सह्यांचा साधा अर्ज लागतो. खालचं ज्यांना लागलंय त्यांच्यापैकी कुणी?"

हॉलमध्ये पंखे फिरत होते. हवालदार माझ्याकडे बघत नव्हते. आजही मला त्याचं नवल वाटतं. त्यांनी एकदा मागितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, तेव्हा त्यांच्या लेखी ते काम झालेलं होतं. चारचौघांत माझ्याकडे बघून मला अडचणीत आणायचं कारण नव्हतं. ते अध्यक्षांना म्हणाले, "राहू द्या अध्यक्षसाहेब, माझी व्यवस्था झालीय."

आणि मी वर बघत होतो. पंख्याकडे. बाजारात बघायचो तसाच.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "लागलं की साहेब तुम्हाला." मी म्हणालो, "बघू आपण." इतकंच.

त्याच संध्याकाळी मी आणि बायको घर बघायला गेलो. रंगाचा वास, खिडक्यांना काचा नाहीत. ती स्वयंपाकघरात ओटा किती उंच आहे ते बघत होती. मी मागचं दार उघडून अंगणात गेलो. अंगण कसलं, चार पावलांची माती. माझे वडील जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिले आणि मी सरकारी क्वार्टरमध्ये, पहिल्या मजल्यावर, गच्चीच्या कुंड्यांत तुळस लावत. मी चपला काढल्या आणि मातीत उभा राहिलो. ऊन उतरलं होतं आणि माती अजून कोमट होती. नदीच्या बाजूनं वारा येत होता, दूर कुठंतरी मोर ओरडत होता, आणि मला वाटलं की मी या जागी फार पूर्वीपासून उभा आहे. किती वेळ गेला माहीत नाही. आतून बायको म्हणाली, "वरचं मिळालं असतं तरी चाललं असतं, नाही? वारा तरी येतो वर." शब्द दिलाय हे तिला सांगितलंच नव्हतं.

तो महिना उष्ण झोपेसारखा गेला. रोज सकाळी मी ठरवायचो की आज अर्ज नेऊन हवालदारांची सही घेऊ. रोज केंद्रात त्यांच्याशी बोलणं व्हायचं, बूथबद्दल, पाटीच्या रंगाबद्दल. घराचा विषय ते काढत नसत. मीही काढत नव्हतो. मी स्वतःला सांगायचो, त्यांना हवं असेल तर ते मागतील. आपण होऊन कुणाच्या आयुष्यात हात घालायचा नाही, हेच तर आपलं शास्त्र. मुदत संपली त्या दिवशी मला हलकं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

केंद्रातून घरी पाठवण्याआधी माझ्या सहीचा एक कागद लागत असे. त्यावर घराची माहिती भरायची. मी लिहिलं: निवास तळमजला. तिसरा मजला लिहिलं असतं तर वरिष्ठांनी कागद परत पाठवला असता, आणि परस्पर अदलाबदल का नाही केली, असं विचारलं असतं. तो कागद अजून कुठल्यातरी फायलीत असेल. त्या फायलीनुसार हवालदार इतकी वर्षं माझ्या घरात राहत होते.

ते राहायला आले त्या दिवशी चौघांनी त्यांना खुर्चीसकट वर नेलं. पुढच्या डाव्या बाजूला मी होतो. हवालदार हुकूम देत होते. "पाय ठेवायच्या पट्टीला हात लावू नका, निखळते ती. फ्रेम धरा फ्रेम. साहेब, तुम्ही शिकवलंय ना मला, मग चुकता कसे?" सगळे हसले. प्रत्येक जिन्यावर टेकवून दम घेतला. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर ते गॅलरीत गेले आणि म्हणाले, "अरे वा, पलीकडचं सगळं दिसतंय की." त्यांची बायको माझ्याकडे बघत होती.

पहिला पावसाळा संपेपर्यंत रोज सकाळी त्यांना खाली आणलं जाई आणि संध्याकाळी वर नेलं जाई. बूथ जोरात चालला. हवालदार रिसीव्हर देताना विचारायचे, "कुठं, सांगली? आधी घसा मोकळा करा, मग नंबर लावतो. पैसे रडण्याचे नाही, बोलण्याचे पडतात." बंगाली, मल्याळी, सगळे त्यांच्याभोवती गोळा व्हायचे. असं माणसांत बसलेलं त्यांना बघितलं की मला वाटायचं, चाललंय की सगळं.

मग हात कमी व्हायला लागले. वाईट कुणी नव्हतं. एकाला नोएडातल्या नव्या कंपनीत नोकरी लागली, त्याची गाडी सकाळी लवकर यायची. दुसऱ्यानं मारुती घेतली आणि मुलांना शाळेत सोडायला लागला. तिसऱ्याची बदली झाली. माझी पाठ धरली. खरंच धरली होती, पण आठ दिवसांत सुटलीही होती. ते मी कुणाला सांगितलं नाही. रोज एकाला बोलवावं लागे, मग रोज दोघांना. दोनदा मागायचं नाही, हे हवालदारांच्या अंगात भिनलेलं होतं. त्यांनी बोलावणं बंद केलं. बूथमध्ये त्यांची बायको बसायला लागली आणि हवालदार वर राहिले.

त्यानंतरची तीन वर्षं मला एकाच लांब दुपारसारखी आठवतात. मी अंगणात, ते गॅलरीत. दोरीला बांधलेली टोपली वरून खाली यायची, भाजीवाला तीत भेंड्या टाकायचा, टोपली वर जायची. माझ्या अंगणातून जाताना तिची सावली मातीवरून सरकत जायची. मी तिथं लिंबू लावलं, कढीलिंब लावला, जाई लावली. वरून आवाज यायचा, "साहेब, लिंबाला डावीकडून कीड लागलीय बघा." त्यांना वरून सगळं दिसायचं. यमुनेपलीकडून येणारी आंधी आम्हाला कळायच्या आधी त्यांना दिसायची; आभाळाची कड तपकिरी होताना. "वहिनी, कपडे काढा," असं ते माझ्या बायकोला हाक मारून सांगायचे, आणि ती धावायची. थोड्या वेळात धूळ यायची आणि सगळं पुसून टाकायची, इमारत, गॅलरी, झाडं. मी आत बसून खिडकीतून त्या तपकिरी अंधाराकडे बघत राहायचो. वाटायचं, धूळ खाली बसेल तेव्हा वरचा मजला वर नसेलच.

हिवाळ्यात एकदा हवालदारांची बायको आमच्या अंगणात उन्हात मटार सोलत बसली होती. ती गेल्यावर माझी बायको आत आली.

"तुम्ही त्यांना शब्द दिला होता?"

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"ती म्हणाली, 'वहिनी, आम्ही धरून चाललो होतो की या अंगणात आम्ही बसणार.' मला वाटलं गंमत करतेय. मग तिचा चेहरा बघितला. दिला होता का?"

"दिला होता."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुझे गुडघे..."

"तेव्हा कुठं दुखत होते माझे गुडघे?" ती म्हणाली. ती ओरडली नाही. "चला, आत्ता बदलू. सामान काय, दोन दिवसांत होईल."

मी म्हणालो की आता कागदपत्रं झाली, मुदत गेली, लोक काय म्हणतील. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कागद राहू द्या. नुसतं राहायला बदलू. आणि तेही नसेल जमत तर निदान वर जाऊन त्यांना सांगा की चुकलं."

मी वर गेलो. एकदा नाही, चारपाचदा गेलो. प्रत्येक वेळी हवालदारांनी मला बसवलं, चहा पाजला, गॅलरीतून नवी इमारत दाखवली. "ती बघा, काल चौथा स्लॅब पडला." मध्येच हातांवर अंग उचललं, अधांतरी राहून म्हणाले, "काही काम होतं का साहेब?" मी म्हणालो, "नाही, सहज." जिना उतरताना माझे पाय व्यवस्थित चालत होते, आणि त्या वेळी मला त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटायची.

चौथ्या वर्षी ते सोसायटी सोडून गेले. फ्लॅट विकला आणि फरीदाबादला त्यांच्या मेव्हण्याच्या शेजारी एक बैठं घर घेतलं. त्यांना खाली आणताना चौघांत मी होतो. त्यांनी हुकूम दिले नाहीत. टेम्पोत बसल्यावर माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, आता आंधीचं तुमचं तुम्ही बघा." मला म्हणाले, "येतो साहेब."

बायकोनं माझ्याशी भांडण केलं नाही, पण अंगणात बसणं तिनं सोडलं. एक दिवस तिनंच मला डबा भरून दिला, पत्ता लिहून दिला आणि म्हणाली, "जा. आणि सांगितल्याशिवाय येऊ नका."

फरीदाबादची बस मथुरा रोडनं जाते. दोन्हीकडे कारखाने, चिमण्या, मधेच शेताचा तुकडा, मग पुन्हा कारखाने. फेब्रुवारीचं मऊ ऊन होतं. मी खिडकीशी बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतो. ते इतकं गुळगुळीत झालं होतं की बस थांबली तेव्हा मला वाटलं, मी ते बोलूनसुद्धा झालं.

तिथला त्यांचा नवा बूथ रस्त्याला लागूनच होता. पायरी नाही, उंबरठा नाही. सिमेंटचा उतार थेट रस्त्यावर येत होता. शिफ्ट सुटलेले कामगार रांगेत उभे होते, बिहारचे, ओरिसाचे. हवालदार मध्ये बसले होते. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "लाइन में आओ भाई, बिल्कुल लाइन में. माँ को बोलना है तो पहले सोच लो क्या बोलना है." एकजण पुढं घुसला, त्याला त्यांनी खुर्ची वळवून, स्वतः उतारावर येऊन मागं पाठवलं. मग परत वर गेले. कुणी ढकललं नाही. तिथं कुणाला ढकलायची गरजच नव्हती. मी जे त्यांच्यासाठी कितीतरी महिने आखत होतो ते सगळं तिथं होतं, आणि त्यातलं काहीही मी केलेलं नव्हतं.

मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"साहेब," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, दुसरं काही नव्हतं. "रांगेत कशाला उभे राहिलात? बोला, कुठला नंबर लावू?"

मागं माणसं उभी होती. मी डबा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, "वहिनींच्या हातचं," म्हणाले, आणि पुन्हा विचारलं, "नंबर?" मी माझ्या घराचा नंबर सांगितला. त्यांनी लावला, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि शिष्टाचार म्हणून तोंड रस्त्याकडे वळवलं.

"पोचलात?" बायको म्हणाली.

"पोचलो."

"सांगितलंत?"

हवालदार माझ्यापासून हाताच्या अंतरावर होते. त्यांनी दांड्यांवर हात रोवले, अंग वर उचललं आणि तसेच रस्त्याकडे बघत अधांतरी राहिले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. मागचा माणूस खाकरला.

"हो," मी फोनमध्ये म्हणालो.

नंतर चहा झाला, गप्पा झाल्या, त्यांनी मला बसमध्ये बसवायला थेट थांब्यापर्यंत खुर्ची आणली. पुढच्या वर्षी हवालदार वारल्याचं त्यांच्या मेव्हण्याचं पत्र आलं, आणि मग सांगायला कुणी उरलं नाही. बायकोला मी शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. बसमध्ये पाठ केलेलं वाक्य मात्र अजून जसंच्या तसं आठवतं:

हवालदार, त्या दिवशी हॉलमध्ये मी नुसतं तुमच्याकडे बघायला हवं होतं आणि मी वर बघितलं. ते घर तुमचं होतं. चार वर्षं मी त्यात राहिलो आणि तुम्ही माझ्या डोक्यावर अडकून पडलात. माझं चुकलं. मला क्षमा करा.